डिसाइडचं डिसिजन का होतं? इंग्रजी क्रियापदांपासून नामं आणि विशेषणं करण्याची वाट

आठवीत असताना मी उत्तरपत्रिकेत ‘अराइव्हमेंट’ असा शब्द लिहिला होता. बाईंनी त्याखाली तांबडी रेघ ओढली, वर ‘अरायव्हल’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. गुण गेल्याचं फारसं वाटलं नाही. पण ‘मूव्ह’चं ‘मूव्हमेंट’ होतं, ‘पे’चं ‘पेमेंट’ होतं, मग ‘अराइव्ह’नं काय घोडं मारलं होतं? बाईंचं उत्तर ठरलेलं: “पाठ कर.”

पाठ करून दहावी निभते. पुढे स्पर्धा परीक्षा येतात, ऑफिसातले ईमेल येतात, आणि रोज नवं क्रियापद समोर उभं राहतं. पुढची शिकवण्याची वर्षं मी या शब्दांकडे वेगळ्या नजरेनं बघत गेलो. हे सुटे शब्द नाहीत, त्यांची घराणी आहेत. घराणं ओळखलं की एका क्रियापदाबरोबर पाच-सहा भावंडं हाती लागतात. ती ओळख कशी करून घ्यायची, ते पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १: आधी वाक्यातली जागा बघा

शब्दाचं रूप ठरवण्याआधी तो कुठे बसणार आहे ते बघायचं. ‘द’, ‘अ’, ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ यांच्या मागोमाग, किंवा ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’ अशा शब्दयोगी अव्ययांनंतर एकटीच रिकामी जागा असेल तर तिथे नाम हवं. त्या जागेनंतर लगेच दुसरं नाम येत असेल, किंवा जागेच्या आधी ‘इज’, ‘वॉज’, ‘बिकेम’, ‘व्हेरी’ असेल, तर विशेषण. ‘हिज डॅश सरप्राइज्ड अस’ इथे ‘डिसिजन’, आणि ‘अ डॅश व्हिक्टरी’ इथे ‘डिसायसिव्ह’. निम्म्या चुका इथेच होतात. शब्द येत असतो, जागा बघितलेली नसते.

एक सोय लक्षात असू द्या. कोणत्याही साध्या क्रियापदाला ‘इंग’ लावलं की ते नामासारखं वापरता येतं, अगदी आपल्या ‘करणं’, ‘पोहणं’ यांच्यासारखं. काहीच सुचत नसेल तर बोलताना ‘इंग’वर वेळ मारून नेता येते. परीक्षक मात्र बहुतेक वेळा दुसरं रूप मागतो.

पायरी २: शब्द कोणत्या घरचा?

एसटीत चढा. पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर. उच्चारात दोघांच्या शेवटी ‘र’च आहे, पण स्पेलिंगमध्ये ड्रायव्हरच्या शेवटी ई-आर येतो आणि कंडक्टरच्या शेवटी ओ-आर. कारण ‘ड्राइव्ह’ हा इंग्रजीचा घरचा, जर्मॅनिक कुळातला शब्द, आणि ‘कंडक्ट’ लॅटिनमधून आलेला पाहुणा.

१०६६ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर बराच काळ दरबार, कोर्ट आणि वरिष्ठ वर्ग यांची भाषा फ्रेंच होती. शेतात नि चुलीपाशी इंग्रजी चालूच राहिलं. हळूहळू दोन्ही मिसळली, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट आणखी शब्द उचलले. म्हणून इंग्रजी शब्दकोशात आज दोन वेगळी घरं नांदतात, आणि प्रत्येक घराची शब्द बनवण्याची रीत निराळी.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. आपण ‘बघतो’, पण देवाचं ‘दर्शन’ घेतो. ‘ऐकतो’, पण ग्रंथाचं ‘श्रवण’ करतो. ‘खातो’, पण पाटीवर ‘खाद्यपदार्थ’ लिहितो. क्रियापद घरचं, नाम संस्कृतातून आणलेलं. इंग्रजीतही अगदी हेच: ‘सी’ करतात, पण दिसण्याजोगं ते ‘व्हिजिबल’, ‘हिअर’ करतात, पण ऐकू येणारं ते ‘ऑडिबल’, ‘ईट’ करतात, पण खाण्यायोग्य ते ‘एडिबल’.

घर ओळखायची ढोबळ खूण अशी. एका दमात उच्चारता येणारं, रोजच्या व्यवहारातलं क्रियापद बहुधा घरचं: गो, गिव्ह, ग्रो, सिंग, थिंक, स्पीक. ज्याच्या सुरुवातीला ‘रि’, ‘डि’, ‘कॉन’, ‘प्रो’, ‘एक्स’, ‘सब’, ‘अ‍ॅड’, ‘पर’ असा उपसर्ग चिकटलेला दिसतो, ते बहुधा लॅटिन घरचं. ही खूण अधूनमधून फसते, पण दिशा दाखवायला पुरते.

पायरी ३: घरच्या शब्दांची नामं

इथे नियम कमी आणि पाठांतर जास्त, हे कबूल करतो. सुदैवानं शब्दही थोडे आहेत.

पुष्कळ क्रियापदं काहीही न बदलता नाम होतात: वॉक, रन, हेल्प, वर्क, ड्रिंक, फॉल. काहींत आतला स्वर फिरतो: सिंग–साँग, फीड–फूड, ब्लीड–ब्लड, सेल–सेल. या शेवटच्या जोडीत आपल्याला ऐकताना फरक जाणवत नाही, पण क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत आणि नामात एक एल नि शेवटी ई. काहींच्या शेवटी ‘थ’ किंवा ‘ट’ येतो: ग्रो–ग्रोथ, डाय–डेथ, वे (वजन करणं)–वेट, फ्लाय–फ्लाइट, सी–साइट, थिंक–थॉट. काहींत शेवटचं व्यंजन मऊचं कडक होतं: बिलीव्ह–बिलीफ, प्रूव्ह–प्रूफ, लिव्ह–लाइफ. यातला ‘प्रूव्ह’ खरा फ्रेंचकडून आलेला, पण वागणूक घरच्यासारखी. ‘अ‍ॅडव्हाइज–अ‍ॅडव्हाइस’ तशीच. क्रियापदात उच्चार ‘झ’ आणि अक्षर एस, नामात उच्चार ‘स’ आणि अक्षर सी. सरकारी पत्रांत ही चूक इतकी दिसते की आता ती चूक वाटेनाशी झाली आहे.

करणारा माणूस दाखवायला या घरात ‘अर’ लागतो: टीचर, सिंगर, बेकर. एक जागा मात्र सांभाळा. स्वयंपाक करणारी व्यक्ती ‘कुक’, आणि शिट्ट्या देतो तो ‘कुकर’. ‘माय मदर इज अ गुड कुकर’ हे वाक्य मी दरवर्षी एकदा तरी तपासतो.

पायरी ४: लॅटिन घराणी

खरा माल इथे आहे. इथे वेळ द्या.

आधी एक संस्कृत आठवण. मुच् धातूपासून मुक्त आणि मुक्ती, भज् पासून भक्त आणि भक्ती, दृश् पासून दृष्ट आणि दृष्टी. प्रत्यय लागताना धातूचं शेवटचं अक्षर बदललं: च् आणि ज् यांचा क् झाला. लॅटिनमध्येही असाच ‘त’चा प्रत्यय लागताना धातूचा शेवट बदलतो, आणि इंग्रजी ‘शन’ तिथून आलेला आहे. तो ‘शन’ आणि आपला ‘ती’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीनं नातलगच. तेव्हा ‘डिसाइड’चं ‘डिसाइडशन’ न होता ‘डिसिजन’ होतं, यात इंग्रजीचा लहरीपणा नाही. भज्चं ‘भज्ती’ का होत नाही, त्याच जातीचं हे कारण.

लॅटिनमधला सर्वांत उपयोगी बदल असा: धातूच्या शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ असेल तर प्रत्ययाशी भिडून त्याचा ‘स’ होतो. म्हणून डिव्हाइड–डिव्हिजन, कन्क्लूड–कन्क्लूजन, इन्व्हेड–इन्व्हेजन, एक्सप्लोड–एक्सप्लोजन, सस्पेंड–सस्पेन्शन, एक्सपांड–एक्सपान्शन, कन्व्हर्ट–कन्व्हर्जन. या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस-आय-ओ-एन. ‘शन’ टी-नं लिहायचा की एस-नं, हा नेहमीचा घोळ क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराकडे पाहून बराचसा मिटतो. नेहमी भेटणारे बंडखोर दोन: इंटेंड–इंटेन्शन आणि अटेंड–अटेन्शन. हे टी-नं. त्यांचंच भावंड ‘एक्स्टेंड’ मात्र शहाण्यासारखं एस-नं ‘एक्स्टेन्शन’ होतं.

आता घराणी. वहीत प्रत्येकाला एक पान द्या.

‘मिट’ घराणं, मूळ अर्थ पाठवणं: परमिट–परमिशन, सबमिट–सबमिशन, अ‍ॅडमिट–अ‍ॅडमिशन, ट्रान्समिट–ट्रान्समिशन.

‘स्क्राइब’ घराणं, मूळ अर्थ लिहिणं: डिस्क्राइब–डिस्क्रिप्शन, सबस्क्राइब–सबस्क्रिप्शन, प्रिस्क्राइब–प्रिस्क्रिप्शन. डॉक्टरची चिठ्ठी याच घरातली. तिचं स्पेलिंग सुरुवातीला पी-आर-ई असतं. पी-ई-आर लिहिणारे औषधाच्या दुकानांतसुद्धा भेटतात.

‘ड्यूस’ घराणं, म्हणजे नेणं: प्रोड्यूस–प्रॉडक्शन, रिड्यूस–रिडक्शन, इंट्रोड्यूस–इंट्रोडक्शन. ‘कंडक्ट’ही इथलाच, म्हणजे कंडक्टर मुळात ‘नेणारा’.

‘सीव्ह’ घराणं, म्हणजे घेणं: रिसीव्ह–रिसेप्शन, डिसीव्ह–डिसेप्शन, परसीव्ह–परसेप्शन. यातल्या ‘रिसीव्ह’ला दुसरं नामही आहे: ‘रिसीट’, म्हणजे पावती. तिच्या स्पेलिंगमधला पी उच्चारला जात नाही. शब्दाचं लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो मागाहून घुसवलेला आहे.

‘स्यूम’चं ‘सम्प्शन’ होतं: अस्यूम–असम्प्शन, प्रिझ्यूम–प्रिझम्प्शन. ‘पेल’चं ‘पल्शन’: कम्पेल–कम्पल्शन, एक्सपेल–एक्सपल्शन. ‘झॉल्व्ह’चं ‘झोल्यूशन’: रिझॉल्व्ह–रिझोल्यूशन. ‘फाय’चं ‘फिकेशन’: व्हेरिफाय, नोटिफाय, क्वालिफाय, सगळे सरळ मार्गानं जातात, पण ‘सॅटिसफाय’ वाट सोडून ‘सॅटिसफॅक्शन’ होतो. ‘फर’ घराण्याला ‘शन’ लागतच नाही, ‘रन्स’ येतो: रेफरन्स, प्रेफरन्स, कॉन्फरन्स, डिफरन्स. ‘टेन’ घराण्यात फूट आहे. रिटेन–रिटेन्शन, डिटेन–डिटेन्शन, पण मेन्टेन–मेन्टेनन्स. या शेवटच्या शब्दात ए-आय जाऊन नुसता ई उरतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर बघा, दहापैकी किती ठिकाणी बरोबर लिहिलंय.

अ‍ॅक्ट, सिलेक्ट, कलेक्ट, कनेक्ट अशा क्रियापदांत काहीच मोडतोड होत नाही, नुसता ‘आयओएन’ चिकटवला की झालं. कारण यांतली बहुतेक क्रियापदं मुळात ‘त’ प्रत्यय लागून झालेल्या रूपांवरूनच घेतलेली आहेत. बदल आधीच होऊन गेला आहे. ‘एट’नं संपणाऱ्यांचंही तेच: क्रिएट–क्रिएशन, ट्रान्सलेट–ट्रान्सलेशन. आणि या ‘एट’वाल्यांचा माणूस ओ-आरनं लिहायचा: क्रिएटर, ट्रान्सलेटर, ऑपरेटर.

आता ‘मेंट’ आणि ‘अल’. ‘एन’ किंवा ‘एम’ असा उपसर्ग लागलेलं क्रियापद दिसलं की बेधडक ‘मेंट’ लावून बघा: एनकरेजमेंट, एन्जॉयमेंट, एम्पॉवरमेंट, एन्फोर्समेंट. ज्या ईडीच्या बातम्या आपण रोज वाचतो, त्यातला ‘ई’ हाच शेवटचा शब्द. ‘अल’ मात्र बहुतेक अशांना लागतो ज्यांचा जोर शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चारातल्या शेवटच्या तुकड्यावर, पडतो: रिफ्यूज–रिफ्यूजल, अप्रूव्ह–अप्रूव्हल, सर्व्हाइव्ह–सर्व्हायव्हल, डिनाय–डिनायल. ‘अराइव्ह’ही याच साच्यातला. पण जोर शेवटी असूनही ‘अचीव्ह’ला ‘मेंट’ लागतो, ‘अल’ नाही, त्यामुळे हा साचा पक्का म्हणता येत नाही. आठवीतल्या माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर साच्यात आहे आणि उरलेलं अर्धं वहिवाटीत. बाई अगदीच चुकल्या नव्हत्या.

एकाच क्रियापदाला दोन नामं असतात तिथे अर्थ फुटतो, आणि परीक्षक तिथेच दबा धरून बसलेला असतो. ‘ऑब्झर्व्ह’चं ‘ऑब्झर्व्हेशन’ म्हणजे निरीक्षण, ‘ऑब्झर्व्हन्स’ म्हणजे नियम किंवा व्रत पाळणं. ‘अटेंड’चं ‘अटेंडन्स’ म्हणजे हजेरी, ‘अटेन्शन’ म्हणजे लक्ष. मागच्या बाकावरच्यांकडे पहिलं असतं, दुसरं नसतं. ‘सक्सीड’चं ‘सक्सेस’ म्हणजे यश, ‘सक्सेशन’ म्हणजे वारसा किंवा क्रम. वडिलांच्या ठेवीसाठी कोर्टातून आणावं लागतं ते ‘सक्सेशन सर्टिफिकेट’, तिथे यशाचा काही संबंध नाही.

पायरी ५: विशेषणं

इथे मराठी फार मदत करते. क्रियापदाला मनातल्या मनात ‘-णारा’, ‘-लेला’ आणि ‘-ण्याजोगा’ लावून बघा. ‘-णारा’ किंवा ‘-वाणा’ बसला तर ‘इंग’, ‘-लेला’ बसला तर ‘एड’ किंवा तिसरं रूप, ‘-ण्याजोगा’ बसला तर ‘एबल’.

उकळतं पाणी म्हणजे ‘बॉइलिंग वॉटर’, उकळलेलं पाणी म्हणजे ‘बॉइल्ड वॉटर’. पावसाळ्यात प्यायला सांगतात ते दुसरं. पहिलं प्यायलात तर जीभ भाजेल. कंटाळवाणं भाषण ‘बोअरिंग’, कंटाळलेला श्रोता ‘बोअर्ड’. म्हणून ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणणारा स्वतःचीच निंदा करत असतो. ‘इंटरेस्टिंग–इंटरेस्टेड’, ‘कन्फ्यूजिंग–कन्फ्यूज्ड’, ‘टायरिंग–टायर्ड’ सगळे याच कसोटीला उतरतात.

एक अपवाद जपून ठेवा. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी, पण ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिणारं पाणी नव्हे, पिण्याचं पाणी. ‘वॉकिंग स्टिक’ ही चालणारी काठी नाही. जिथे मराठीत ‘-ण्याचं’ किंवा ‘-ण्यासाठीचं’ येतं, तिथे ते ‘इंग’ नामाचं आहे.

लॅटिन घरच्या विशेषणांसाठी माझी आवडती युक्ती ही: आधी नाम करा, त्याच्या शेवटचा आय-ओ-एन काढा, आणि उरलेल्या तुकड्याला ‘इव्ह’, ‘इबल’ किंवा ‘ओरी’ लावा. डिसिजनपासून डिसायसिव्ह, कन्क्लूजनपासून कन्क्लूसिव्ह, रिसेप्शनपासून रिसेप्टिव्ह, डिस्ट्रक्शनपासून डिस्ट्रक्टिव्ह, डिव्हिजनपासून डिव्हिजिबल, परमिशनपासून परमिसिबल, सॅटिसफॅक्शनपासून सॅटिसफॅक्टरी. ‘कम्पल्शन’चं ‘कम्पल्सरी’ होताना शेवट थोडा आखडतो, एवढंच. नाम एकदा नीट शिकलात की विशेषणाचं स्पेलिंग जवळजवळ फुकट मिळतं. ‘एबल’ की ‘इबल’ हा छळवादी प्रश्नही यातून बऱ्यापैकी सुटतो. मोडतोड न झालेल्या पूर्ण शब्दाला लागलं तर बहुधा ए: रीडेबल, अ‍ॅक्सेप्टेबल, वॉशेबल. मोडलेल्या तुकड्याला लागलं तर बहुधा आय. ‘कन्व्हर्टिबल’ पूर्ण शब्द असूनही आय घेतो, त्याला माफ करा. आणि ‘एक्सपान्सिव्ह’ म्हणजे ऐसपैस, ‘एक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे महाग, ही गल्लत करू नका, जरी मुंबईत ऐसपैस घर महागच असलं.

स्वभाव दाखवायचा असेल तर ‘फुल’, ‘सम’, ‘एटिव्ह’ असे प्रत्यय येतात: विसराळू तो ‘फर्गेटफुल’, त्रासदायक ते ‘टायरसम’, बोलका तो ‘टॉकेटिव्ह’. या शेवटच्या शब्दात घरच्या क्रियापदाला लॅटिन शेपूट लागलेलं आहे. दोन घरांत असे आंतरजातीय विवाहही होतात.

पायरी ६: रूप बदललं की शेजारीही बदलतात

हे मार्गदर्शकांत क्वचित सांगतात, आणि गुण इथेच जातात. क्रियापदाचं नाम झालं की वाक्याला दुसरं क्रियापद लागतं, क्रियाविशेषणाचं विशेषण होतं, आणि कर्माच्या आधी एक शब्दयोगी अव्यय येतं. ‘मंदार एक्सप्लेन्ड द रूल क्लिअरली’ याचं होतं ‘मंदार गेव्ह अ क्लिअर एक्सप्लनेशन ऑफ द रूल’. ‘क्लिअरली’चं ‘क्लिअर’ झालं, ‘गेव्ह’ आला, ‘ऑफ’ आला. कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद जातं ते नामाबरोबरच लिहून ठेवा: मेक अ डिसिजन, गिव्ह परमिशन, हॅव अ डिस्कशन, टेक अ‍ॅक्शन.

‘डिस्कस अबाउट’ ही आपल्याकडची अमर चूक या शेजाऱ्यांच्या घोटाळ्यातूनच येत असावी. ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे, म्हणून तोच ‘अबाउट’ क्रियापदालाही चिकटवला जातो. ‘डिमांड फॉर’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसिस ऑन’ हे नामाबरोबर शोभतात; क्रियापद आलं की ते गळून जातात. ‘वी डिस्कस्ड द बजेट’, बस.

पायरी ७: उच्चार आणि स्पेलिंगचे खड्डे

काही जोड्यांत स्पेलिंग तेच राहतं आणि फक्त जोर सरकतो. नामात पहिल्या अवयवावर, क्रियापदात दुसऱ्यावर: रेकॉर्ड, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ऑब्जेक्ट, परमिट. ‘परमिट रूम’मधला परमिट हे नाम आहे, म्हणून जोर ‘पर’वर. मराठी तोंडाला असा जोर बदलायची सवय नाही. मोठ्यानं म्हणूनच तो बसतो.

जोर सरकला की अक्षरंही बदलतात. ‘प्रिफर्ड’ मध्ये आर दोनदा, कारण जोर ‘फर’वर, ‘प्रेफरन्स’ मध्ये एकदाच, कारण जोर सरकून पहिल्या अवयवावर आला. ‘अकरन्स’ मध्ये जोर हलत नाही, म्हणून आर दोन. ‘प्रोनाउन्स’मधला ओ-यू नामात नुसता यू होतो आणि उच्चार ‘प्रोनन्सिएशन’. ‘एक्सप्लेन’मधला आय नामात गळतो, ‘आर्ग्यू’मधला शेवटचा ई ‘आर्ग्युमेंट’मध्ये गळतो.

सराव कसा करायचा

वहीचं पान आडवं धरा आणि पाच रकाने आखा: क्रियापद, गोष्टीचं नाम, माणसाचं नाम, विशेषण, नामाबरोबर जाणारं क्रियापद. रोज पाच क्रियापदं, तीही एकाच घराण्यातली. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे ओढूनताणून शब्द बनवू नका, शब्दकोश उघडा.

आता ही चार वाक्यं नामाचं रूप वापरून आधी स्वतः लिहा, मग खाली बघा. ‘द कमिटी डिसाइडेड क्विकली.’ ‘शी डिस्क्राइब्ड द फोर्ट ब्यूटिफुली.’ ‘दे डिस्कस्ड द प्लॅन.’ ‘द टीचर परमिटेड अस टु लीव्ह.’

पहिलं: ‘द कमिटी मेड अ क्विक डिसिजन.’ दुसरं: ‘शी गेव्ह अ ब्यूटिफुल डिस्क्रिप्शन ऑफ द फोर्ट.’ तिसरं: ‘दे हॅड अ डिस्कशन अबाउट द प्लॅन.’ चौथं: ‘द टीचर गेव्ह अस परमिशन टु लीव्ह.’ चौथ्यात ‘अ परमिशन’ लिहिलं असेल तर ‘अ’ खोडा. ‘परवानगी’ या अर्थी हे नाम मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधी ‘अ’ लागत नाही.